ईशानच्या पेनांबद्दल, आई-बाबांना

एडिसन, न्यू जर्सी
१४ ऑक्टोबर २०१८

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "त्या इंजेक्शनचं काय झालं?" ईशान शेजारीच खेळत होता, म्हणून मी "होतंय, मिळेल" एवढंच म्हणाले. त्याच्यासमोर नको होतं. आता सविस्तर लिहिते. डिसेंबरात आम्ही येणार म्हणजे हे तुम्हालाही नीट माहीत हवं.

ईशानला शेंगदाण्याची ॲलर्जी, म्हणून जोराचा झटका आला तर मांडीत द्यायचं ॲड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन, पेनासारखं दिसणारं एपिपेन, जवळ लागतंच. त्याचा तुटवडा इकडे मे महिन्यापासून आहे. एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या सरकारी खात्याने, तेव्हाच ते टंचाईच्या यादीत टाकलं. कारखान्यातूनच माल कमी येतोय. त्यात सप्टेंबरात शाळा उघडतात आणि ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाची पेनं शाळेच्या नर्सकडे द्यावी लागतात, म्हणून ऐन तेव्हाच झुंबड उडाली. ज्या दुकानात फोन करावा तिथे एकच उत्तर: "ज्युनिअर (लहान मुलांचं पेन) नाही, कधी येईल सांगता येत नाही." ऑगस्टमध्ये एफडीएने काही बॅचची मुदत चार महिने वाढवली, पण ती मोठ्यांच्या ०.३ मिलिग्रॅमच्या पेनांची. ईशानचं वजन १९ किलो, त्याला ०.१५ लागतं. बातमी पूर्ण वाचल्यावर मला रडू आलं, आई.

सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा झाला. पेनं जोडीने मिळतात, कारण कधीकधी पहिल्या इंजेक्शननंतर पाच-दहा मिनिटांत दुसरं द्यावं लागतं. टंचाईत ओळखीच्या बऱ्याच आयांनी जोडी फोडली, एक शाळेत, एक घरी. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोडी फोडू नका. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न घालता नुसतं औषध आणि मात्रा लिहिली, म्हणजे दुकानात ज्या कंपनीचं असेल ते घेता येईल. तसं केल्यावर दुसऱ्या बनावटीची एक जोडी मिळाली, ती शाळेत दिली. घरी जुनी एपिपेनं आहेत, त्यांची मुदत या महिनाअखेर संपते. नवी हातात पडेपर्यंत ती टाकायची नाहीत, आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे ना हे बघत राहायचं. वेळ आलीच आणि दुसरं काही नसेल तर मुदत संपलेलं पेन द्यावं, न देण्यापेक्षा ते बरं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. नव्या जोडीसाठी दुकानात नाव नोंदवलंय.

एक अडचण मात्र नवीनच झाली. दोन्ही पेनं वापरायची पद्धत वेगळी. एपिपेनचं निळं टोपण ओढायचं, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं आणि तीन सेकंद धरायचं. शाळेतल्या पेनाला दोन्ही टोकांना राखाडी टोपणं आहेत, १ आणि २ आकडे घातलेली. ती क्रमाने काढायची, मग लाल टोक मांडीवर दाबून दहा सेकंद धरायचं. घाबरलेल्या माणसाचा इथे गोंधळ होणारच. म्हणून तुमच्याकडे येताना फक्त एपिपेनंच आणणार. सोबत सुई नसलेलं सरावाचं पेनही आणेन. बाबा, तुम्ही आणि आई दोघांनीही ते हातात घेऊन पुन्हा पुन्हा करून बघायचं. "आमचे हात थरथरतात" हे चालणार नाही. पँटवरूनसुद्धा देता येतं.

आई, आता तुझ्या स्वयंपाकघराबद्दल. नवरात्राचे उपास चालू असतील, म्हणजे घरात खिचडी आणि कुटाचा डबा आहेच. आम्ही असेपर्यंत घरात दाणे नकोत, कूट नको, भडंग नको, शेंगदाण्याची चटणी नको. "त्याच्यापुरतं वेगळं करते" असं म्हणू नकोस. तोच झारा, तीच कढई, तोच मिक्सर वापरला तरी त्याला त्रास व्हायला पुरे होतं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल तू अभिमानाने वापरतेस, मला माहीत आहे, पण त्यात दाण्याचा अंश राहतो. तेवढे दिवस सूर्यफुलाचं आण. पेनं मिळोत न मिळोत, त्याच्या तोंडात दाणा जाऊ न देणं हेच पहिलं औषध आहे, आणि ते तुझ्या हातात आहे. शेजारून आलेला लाडू त्याला कुणीही भरवायचा नाही, वाईटपणा मी घेईन.

आणि अंगावर गांधी उठल्या तर "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसू नका. ओठ सुजले, आवाज बसला, खोकला किंवा धाप लागली, गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर आधी पेन. अविल, सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. पेन दिल्यावर त्याला आडवं करायचं, उठून चालू द्यायचं नाही. धाप लागली असेल तर मात्र बसू द्या. आणि बरं वाटलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो.

बाबा, तुमच्यासाठी एक काम. आपल्याकडे औषधांच्या दुकानात अशी पेनं सहसा मिळत नाहीत, पण ॲड्रेनॅलिनची छोटी ॲम्प्युल, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅमची, दवाखान्यात असते. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ती आहे का, तिची मुदत काय, आणि रात्री-अपरात्री सांगलीत कुठे जायचं, हे विचारून ठेवा. इथल्या डॉक्टरांचं पत्र मी आणतेय, त्यात त्याचं वजन आणि मात्रा लिहिलेली असेल. पेनं माझ्या हातातल्या बॅगेत असतील. तिकडे आल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत, गाडीतही नाहीत, आणि कपाटात कुलूपबंद तर मुळीच नाहीत. देवघराशेजारच्या खुंटीला पिशवी अडकवू, सगळ्यांना दिसेल अशी.

नवी जोडी मिळाली की फोन करते. डॉक्टरांकडे जाऊन आलात की बाबा, तुम्हीही करा.

तुमची,
मेघा