गेम म्हणजे जुगार नव्हे

महोदय,

‘मोबाइल गेममुळे पोरं बिघडली’ हे पालुपद आता पुरे झाले. शहापुरात आमच्या घरासमोरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चार पोरं बीजीएमआय (पब्जीचा भारतीय अवतार) खेळतात. शंभर जण पॅराशूटने बेटावर उतरायचे, मैदान आक्रसत जायचे, शेवटी उरेल तो जिंकला. आमच्या चौघांत दोन मराठी, दोन कन्नड. कुणी ‘हिंद बंद्रु नोडो!’ (मागून आले बघ!) ओरडला की आमचा नातू मागे वळून गोळी झाडतो. घरी मात्र ‘मला कन्नड येत नाही’ म्हणून पेपर कोरा!

पब्जीवर २०२० मध्ये बंदी आली, मग २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तोही पुढच्या वर्षी गेला आणि २०२३ मध्ये परत आला. पोरं तेवढ्यापुरती फ्री फायर मॅक्स या तशाच गेमवर गेली, एवढेच. धाकटी नात माइनक्राफ्टमध्ये ठोकळे रचून किल्ला बांधते. दिवाळीत अंगणात करतो तसाच, फक्त मावळे नाहीत. मी स्वतः लुडो किंगवर पडीक असतो, हेही कबूल करतो.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने मान्यता दिली. तरी आमच्या गल्लीत रमी आणि माइनक्राफ्ट एकाच मापाने मोजतात. बातम्या देताना आपण तरी हा फरक करावा, ही विनंती.

– एक आजोबा, शहापूर, बेळगाव