एसएमपीएसवर पैसे वाचवू नकोस

प्रिय सोन्या,

गेम खेळायच्या नव्या कॉम्प्युटरसाठी तू पाठवलेली पार्ट्सची यादी काल रात्री दुकान बंद केल्यावर दोनदा वाचली. फोनवर म्हणालास की बाबा तुम्ही फक्त हो म्हणा, मी सगळं बघितलंय, आणि खरंच बघितलंयस, पण एका ओळीवर, एसएमपीएसच्या (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), माझं मन अडकलंय म्हणून हे लांबलचक लिहितोय, नीट वाच.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतोयस ते मला पटलं. सहा कोर तुझ्या गेमला भरपूर होतात, आणि प्रोसेसर ज्यात बसतो ते एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत तरी चालू ठेवणार असं एएमडीनेच सांगितलंय, म्हणजे नोकरी लागल्यावर मदरबोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. शिवाय त्याच्यात साधं का होईना ग्राफिक्स आहे, उद्या ग्राफिक्स कार्ड वॉरंटीला गेलं तर कॉलेजचं काम अडणार नाही. बोर्ड बी६५० घे, एक्स६७० चे जास्तीचे पैसे तुझ्या कामाचे नाहीत. आणि ते लिक्विड कूलर काढून टाक बाळा. हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, त्याच्या बॉक्समध्येच कूलर येतो, खाली पेस्ट लावलेलीच असते, तोच बसव. ते पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

कार्डाचं म्हणशील तर ९०६० एक्सटी चांगलं आहे पण एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी मेमरीची अशी दोन येतात, दुकानदार घाईत कुठलंही पुढे सरकवेल, बॉक्सवर स्वतः वाच आणि १६ चंच घे, नवीन गेमना ८ आत्ताच कमी पडायला लागलंय. रॅम २०२५ च्या शेवटापासून फार महाग झालीय, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडे चाललाय, त्यामुळे आत्ता १६ जीबीवर भागव पण ८-८ च्या दोन काड्या घे, एकच १६ ची घेऊ नकोस, आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सपो (रॅमचा पूर्ण स्पीड) चालू कर नाहीतर महागडी रॅम कमी स्पीडवर पळत राहील.

आता ती ओळ. यादीत शेवटी लिहिलंयस, एसएमपीएस कॅबिनेटसोबत फ्री, ५०० वॉट.

२००९ मध्ये मी गावातल्या एका फोटो स्टुडिओला कॉम्प्युटर असेंबल करून दिला होता. त्यांचं बजेट थोडं कमी पडत होतं म्हणून चारशे रुपये वाचवायला मी साधा एसएमपीएस टाकला. वर ४५० वॉट मोठ्या अक्षरात होतं. सहा महिन्यांनी ऐन लग्नसराईत दुपारी लाइट गेली, आली, आणि आवाज होऊन सगळं बंद. मी जाऊन उघडलं तर फिल्टरची कॉइल जिथे पाहिजे तिथे नुसत्या तारेचे जंपर मारलेले, दोन कपॅसिटर डोक्यावर फुगून फुटलेले, आणि तो जाताना हार्डडिस्कची सर्किट प्लेट पण जाळून गेला. तीन लग्नांचे फोटो गेले. ते गृहस्थ मला एक शब्द वाकडं बोलले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. ते मी विसरलो नाही, आणि त्या दिवसानंतर एकाही गिऱ्हाइकाला हलका एसएमपीएस दिला नाही, मग तुला कसा घेऊ देऊ.

मग त्या जळलेल्या एसएमपीएसचं लेबल वाचलं (आधीच वाचायला हवं होतं). १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेलं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट, झालं. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे वरचा मोठा आकडा बघायचाच नाही, १२ च्या रकान्यातले अँपिअर बघायचे. तुझं कार्ड १६० वॉट, प्रोसेसर जोर लावला की ८८ पर्यंत जातो, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धर, म्हणजे तीनशेच्या आसपास, आणि कार्ड मध्येच क्षणभर जास्त ओढतं. चांगला ५५० वॉटवाला घेतलास तर १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं दिसेल, तो घे. एसएमपीएसवरचा ब्रॉन्झचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतलं काम किती मजबूत आहे ते नाही, त्यामुळे वॉरंटी किती वर्षं ते पण विचार, पाच वर्षं देणारा घे. लिक्विड कूलरचे पैसे इथे घाल, कमी पडले तर मी देतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नऱ्ह्याच्या त्या रूममध्ये अर्थिंग आहे का? मागे तू म्हणाला होतास की लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला मुंग्या येतात, तेव्हापासून मला शंका आहे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून जो थोडा करंट अर्थला जायचा तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो, हात लावला की झटका. तीन पिनचं सॉकेट दिसतं म्हणजे मागे तिसरी वायर आहेच असं नसतं, जुन्या बिल्डिंगमध्ये कितीदा तरी मोकळी पिन बघितलीय मी. तू स्वतः भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडू नकोस.

बिल पक्कं जीएसटीचं घे, १८ टक्के वाचतात म्हणून साध्या कागदावर घेतलंस तर वॉरंटीला फिरवतील. खोके फेकू नकोस.

मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो, दहापर्यंत स्वारगेटला येईन, टेस्ट लॅम्प आणि मीटर आणतोय. पार्ट आधी आले तर असेंबल करून ठेव, मॉनिटरची केबल बोर्डात नाही कार्डात लाव, पण मी भिंतीतलं सॉकेट बघेपर्यंत मेन स्विच चालू करू नकोस, आपण दोघं मिळून चालू करू. आईने मेतकूट आणि लाडू दिलेत, डबे रिकामे करून ठेव.

तुझे बाबा