जुनी डिस्क कापू नका, दुसरी बसवा

महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्हवाले संगणक चांगले चालत असूनही भंगारात निघू लागले आहेत. त्यावर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली उत्तम चालते. ४ जीबी रॅम पुरते आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण छापखान्याला श्रीलिपी आणि कोरलड्रॉ हवे असते, दुकानदाराला टॅली, निविदा भरणाऱ्याला डिजिटल सहीचे टोकन. ही कामे विंडोजवरच सुरळीत होतात. तेव्हा दोन्ही प्रणाली ठेवणे हाच शहाणपणा आहे. त्या दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे करून त्यावर ठेवण्याची जी सवय पडली आहे, तिला मात्र माझा ठाम विरोध आहे.

चालत्या विंडोजची डिस्क आक्रसून तिथे लिनक्स बसवताना मध्येच लाईट गेली, तर दोन्हीकडचा डेटा धोक्यात येतो. त्यापेक्षा २४० किंवा २५६ जीबीची साधी अडीच इंची साटा (बोर्डाला केबलने जोडायची) एसएसडी घ्यावी. मिंटला किमान २० जीबी लागते, १०० असली की ऐसपैस होते. एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) साटा पॉवरचे टोक शिल्लक नसेल, तर डीव्हीडी रायटर काढून त्याचीच पॉवर आणि डेटा केबल वापरा. तो रायटर आता कुणी वापरत नाही. जुन्या चार पिनी टोकावरून साटा करणारी, साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची स्वस्त जोडणी मात्र लावू नका. तिच्यात आत तारा एकमेकींना चिकटून ती जळाल्याचे प्रकार झाले आहेत. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसते. ती घेताना रायटरची जाडी मोजा, ९.५ मिमी की १२.७ मिमी. काही लॅपटॉप त्या जागेवरून बूटच होत नाहीत, हेही आधी तपासा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. नुसते 'दुसरी डिस्क निवडली' म्हणून भागत नाही. संगणक सुरू करणाऱ्या फाइली ईएफआय नावाच्या, साधारण १०० एमबीच्या एका छोट्या विभागात असतात. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि मिंटचा इन्स्टॉलर अनेकदा, तुम्ही बूटलोडरसाठी (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) दुसरी डिस्क सांगितली तरी, पहिल्या डिस्कवर सापडलेल्या ईएफआय विभागातच ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर टाकतो. वरवर सगळे ठीक दिसते. सहा महिन्यांनी विंडोजची डिस्क फॉरमॅट केली की लिनक्स उठत नाही. किंवा लिनक्सची एसएसडी काढली की काळ्या पडद्यावर नुसते 'ग्रब' एवढेच दिसते आणि विंडोजही गेल्यासारखे वाटते. केबल काढलेली असेल तर असे घडूच शकत नाही. शिवाय त्या वेळी लाईट गेली, तरी बिघडेल ती कोरी एसएसडी. पुन्हा पहिल्यापासून बसवा. केबल काढण्यापूर्वी संगणक पूर्ण बंद करून प्लग काढा. कॅबिनेट कूलरच्या झोतात उघडू नका, त्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात.

केबल काढण्याआधी विंडोजमध्ये तीन गोष्टी उरकून घ्या. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड (संगणक सुरू होण्याची पद्धत) पाहा, लेगसी म्हणजे जुना आहे की यूईएफआय म्हणजे नवा. पुढे लिनक्स बसवताना बूट मेनूमध्ये (कशावरून सुरू करायचे त्या यादीत) लिनक्सचा पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो, त्यातला विंडोजच्या मोडशी जुळणारा निवडा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कवरचे कुलूप) सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. तिसरे म्हणजे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. ती असेपर्यंत 'शट डाउन' केले तरी विंडोज अर्धवट झोपलेलीच राहते आणि लिनक्समधून तिची डिस्क फक्त वाचता येते. जबरदस्तीने लिहायला गेलात, तर फाइली बिघडतात. बायोसमधली साटाची मांडणी, रेड की एएचसीआय, उगाच बदलू नका. ती बदलली की विंडोज निळा पडदा दाखवते.

लिनक्स बसून एकदा स्वतःच्या डिस्कवरून सुरू झाले, की संगणक बंद करून जुनी केबल परत जोडा. जी प्रणाली रोज लागते तिची डिस्क बायोसमध्ये पहिली ठेवा. दुसरी हवी तेव्हा चालू करतानाच बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, एमएसआय बोर्डावर एफ-११, आसूस बोर्डावर एफ-८. ग्रबच्या यादीत विंडोज यावी म्हणून धडपडू नका. दोघींचा एकमेकींशी संबंध जितका कमी, तितके बरे.

घड्याळाचा घोळ मात्र वेगळ्या डिस्कनेही टळत नाही. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजते. म्हणून दुपारी ३ वाजता विंडोज सकाळचे ९.३० दाखवते आणि डिजिटल सहीवर चुकीची वेळ उमटते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही आज्ञा एकदा द्या, काम झाले.

तसेच सिक्युअर बूटचे, म्हणजे खात्री नसलेला बूटलोडर अडवणाऱ्या बायोसमधल्या सोयीचे. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर अनेक ठिकाणी लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणत अडकले होते. जुने बूटलोडर नाकारण्याची त्या अपडेटची नोंद डिस्कवर नव्हे, बोर्डाच्या मेमरीत होते, म्हणून डिस्क वेगळी असूनही फटका बसला. असे झाले तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, लिनक्स अद्ययावत करा आणि मग ते पुन्हा चालू करा. बिटलॉकरची ४८ अंकी की या वेळीही हाताशी हवी.

सीताबर्डीवरच्या आणि शहरातल्या इतर दुरुस्ती दुकानांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्राहकाने 'दोन्ही टाकून द्या' म्हटले, तर डिस्क कापण्यापूर्वी दुसऱ्या एसएसडीचा पर्याय त्याच्यासमोर ठेवा. कोणती प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे आणि बूट मेनूची कळ कोणती, हे कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवून लिहून द्या.

– एक संगणक तंत्रज्ञ, बजाजनगर, नागपूर