चि. बाबूस, आंब्याच्या पेटीबरोबर

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

मधले भाऊजी उद्या टेम्पो घेऊन रत्नागिरीला येतायत, त्यांच्याकडे पेटी देते आहे. वरचा थर तयार आहे, लगेच खा. खालचे चार दिवस राहू देत. हे पत्र पेंढ्यात ठेवलंय, कारण फोन तू उचलत नाहीस.

परवा मी एवढंच विचारलं, की त्या शुक्रवारी तू बारसूच्या सड्यावर बंदोबस्ताला होतास का. तू म्हणालास, "आई, ड्युटीचं विचारायचं नाही," आणि फोन ठेवलास. बरं, नाही विचारत आता.

पण आमच्याकडचं तरी ऐक. २४ एप्रिलला तेलाच्या रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या येणार कळलं आणि आम्ही बायका रस्त्यावर आडव्या झालो. मी, थोरली काकी, खालच्या वाडीतल्या सगळ्या. डांबर असं तापलेलं की पाठीखाली गोणपाट घालूनही चटका बसत होता. डोळ्यांवर पदर घेतला की बाकी काही दिसत नाही, फक्त पदराखालून पोलिसांचे बूट दिसतात. मी एकेक बूट बघत होते. माळ्यावरून पडलास तेव्हापासून तुझा उजवा पाय जरा बाहेर पडतो ना, तसा कुठं दिसतो का म्हणून. २८ तारखेला, शुक्रवारी, अश्रुधूर सोडला. डोळे उघडत नव्हते, तोंडावर ओला पंचा धरलेला, तरी मी पायच शोधत होते.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. ह्याच सड्यावर तू भरतीची तयारी केलीस. पहाटे साडेपाचला सोळाशे मीटर, आणि मी ह्यांचं घड्याळ हातात धरून दवात उभी. ज्या दिवशी वेळेच्या आत आलास, त्या दिवशी कातळावर उताणा पडून हसत होतास. पासिंग आउटला मी पिशवीत ह्यांचा फोटो घेऊन आले होते, तुला कधी बोलले नाही. तू समोरून गेलास तेव्हा पिशवीची चेन थोडी उघडली.

त्याच जागेला सरकारच्या पत्रात नव्वद टक्के ओसाड म्हटलंय. जानेवारी २०२२ मध्ये ते पत्र दिल्लीला गेलं. बारसूला १३,००० एकर, वर नाट्याला कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी २,१४४ एकर. जहाजातून तेल नाट्याला उतरणार आणि तिथून नळांतून सड्यावर चढणार. तू तर भर श्रावणात तिथं उभा राहिलायस, तूच सांग ओसाड आहे का. सगळा सडा सीतेच्या आसवांनी जांभळा होतो. पाऊस मुरतो तो त्याच कातळात, आपल्या पाटाला शिमगा उलटला तरी पाणी असतं ते त्याच्यामुळं. आणि तो कोरलेला माणूस, दोन वाघांच्या मधला? हे तुला खांद्यावरून बघायला न्यायचे. वाघावर पाय पडेल म्हणून तू खाली उतरायचा नाहीस. युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आता ही कातळशिल्पं.

तू म्हणतोस, वाडीतल्या अकरा घरांना कुलपं आहेत, कारखाना आला तर चार पोरं तरी परत येतील. ह्याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही, बाबू. गणपतीत ती कुलपं उघडतात, आठ दिवस अंगणात पोरं दिसतात, आणि मलाही वाटतं की राहिली असती तर. पण नुसत्या धुक्यानं मोहोर काळा पडतो, तिथं धुराड्यांखाली कलमं कशी जगायची? तुझ्या अकादमीची फी कलमांनीच दिली. ग्रामसभांनी ठराव केले ते काय उगाच? ही रिफायनरी आधी नाणारला यायची होती, तिथली माणसं हटली नाहीत, म्हणून तर २०१९ ला तिथली अधिसूचना रद्द झाली. तिथं वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायचं ठरलं होतं. एवढं तेल, आणि खाडीतले मासे तसेच राहतील असं सांगणाऱ्यांनी कधी पागायला जाऊन बघावं. जमीन एकदा सातबाऱ्यावरून गेली की

झालं, लागले तुला शिकवायला. माफ कर. दिवसभर उन्हात उभा राहून येतोस आणि त्यावर आईचं हे.

मला भीती वेगळीच आहे. फेब्रुवारीत राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घातली, त्यात ते गेले. तेव्हापासून दिवेलागणीनंतर मी एकटी रस्त्याला जात नाही, तेवढी काळजी तू करू नकोस. पण तुला १८ एप्रिल २०११ आठवतो? सातवीत होतास. जैतापूरच्या अणुऊर्जेविरुद्ध साखरी नाट्याला लोक जमले, गोळीबार झाला, एक जण गेला. त्या रात्री तू ताटावरून उठलास. अंथरुणात मला विचारलंस, "ज्यानं गोळी मारली, त्याला घरी कुणी विचारेल का गं?" मी म्हटलं, झोप आता.

तू कुणावर हात उचलणारा नाहीस. शाळेत मार खाऊन आलास, देऊन कधी नाही. पण हुकूम सुटला की काय होतं ते मला माहीत नाही, आणि तू सांगत नाहीस.

पावसाळा संपला की पुन्हा बोअर मारायला येतील, पुन्हा बंदोबस्त लागेल. तुझं नाव लागलं तर साहेबांना सांग, आई त्याच गावची आहे, मला दुसरीकडे द्या. नको, नको सांगूस. तुझ्या सर्व्हिस बुकात माझ्यामुळं काही यायला नको. मी मात्र जाणार, हे आधीच सांगून ठेवते, मागाहून फसवलंस म्हणू नकोस. तू पहिल्या पगारातून आणलेली आमसुली साडी नेसून येईन, म्हणजे लांबूनच ओळखू येईल.

पेटीची पट्टी काढताना खिळे सांभाळ, मागच्या वेळी बोट फाडून घेतलंस. कुळथाचं पीठ आहे, जेवणावर आबाळ करू नकोस. फोन नाही केलास तरी चालेल. भाऊजींना उलट पावली एका शब्दाचा निरोप दे, होतास की नव्हतास. काय असेल ते दे.

तुझी
आई