जखमी घार ठेवायची कुठे? वनमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कामाचं आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला सवड मिळाली नाही तरी चालेल. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमागे एका पशुवैद्यकीय दवाखान्याला, सरकारी असो की खासगी, जखमी वन्यपक्षी ताब्यात घेण्याची, प्रथमोपचार करण्याची आणि तुमच्या खात्याची गाडी येईपर्यंत त्याला ठेवून घेण्याची लेखी परवानगी द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 मध्ये अशा परवानगीची सोय आहे. ती देणारे मुख्य वन्यजीव रक्षक नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात बसतात. हिवाळी अधिवेशनाला तुम्ही ज्या विधानभवनात येता तेही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. तेव्हा या फाइलला मुंबईची हवा खाऊन यायचं कारण नाही.

नागपुरात पक्ष्यांसाठी काहीच नाही, असं माझं म्हणणं नाही. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडण्यासाठीच ते उभं केलं आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच भागात. गोरेवाड्याला वन्यप्राणी बचाव केंद्र आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात. हे सगळं एका गावात असणं ही चैन म्हणावी अशी गोष्ट आहे. पण पक्षी काही सेमिनरी हिल्सच्या फाटकासमोर पडत नाही. तो दिघोरीला पडतो, पारडीला पडतो, कळमन्याच्या बाजारामागे पडतो. तिथून त्या फाटकापर्यंतचा मधला रस्ता कोणाच्याच जबाबदारीचा नाही. माझं पत्र एवढ्या मधल्या रस्त्याबद्दल आहे.

मी मानेवाड्याकडे राहते. किंक्रांतीच्या संध्याकाळी आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर घार पडली. पंखाच्या पुढच्या कडेत मांजा रुतून बसला होता आणि त्याचं दुसरं टोक वर विजेच्या तारेला होतं. पोरं गोळा झाली. शेजारचे काका स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आले आणि तिची चोच उघडू लागले. त्यांचा हेतू चांगलाच होता. कोपऱ्यावरचा ऑटोवाला ओरडला, "पाणी नका पाजू काका, जीव जाईन तिचा! आन् चोचीकडं काय पाहून राहिले, नख्या पाहा. बोट फाडून टाकन." त्याने गळ्यातला दुपट्टा तिच्या अंगावर टाकला, मागून दोन्ही पंख अंगासरसे धरले आणि पाय मुठीत घेतले. हे तो कुठे शिकला होता कोण जाणे. त्याच्या भाड्याची वेळ होती, तरी टीव्हीचं खोकं त्यानेच शोधून आणलं, भोकं पाडली.

मग आमची वरात निघाली. जवळच्या एका दवाखान्याला कुलूप होतं, ते समजण्यासारखं होतं, वेळच तशी होती. दुसऱ्या ठिकाणी कुत्र्यामांजरांचे डॉक्टर हजर होते, भले गृहस्थ वाटले. खोक्यात डोकावले आणि मागे सरकले. "मॅडम, कुत्रं असतं तर टेबलावर घेतलंच असतं. हे वन्यजीव आहे. उद्या मेली आणि कोणी विचारलं, तुम्ही कोणाच्या परवानगीने हात लावला, तर मी काय सांगू?" सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ जखमेवर ठेवा, सुकू देऊ नका, हे त्यांनी दारात उभ्याउभ्याच सांगितलं. हात मात्र लावला नाही. त्यांचा मला रागही आला नाही. ओळखीतून मिळालेल्या एका नंबरवर शेवटी फोन लागला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं की संक्रांतीची गर्दी आहे, गाडी दुसरीकडे गेली आहे, सकाळपर्यंत सांभाळा. घार रात्रभर आमच्या न्हाणीघरात होती. सकाळी तोच ऑटोवाला आम्हाला घेऊन शहर ओलांडून उपचार केंद्रावर गेला. तिथे तिला लगेच घेतलं. तपासून सांगितलं की जखम फार मोठी नाही, पण आतला स्नायुबंध उघडा पडून सुकला आहे. ती उडेल, असं कोणी म्हणालं नाही.

आता त्या एका रात्रीने काय होतं ते सांगते, कारण "उद्या आणा" हे उत्तर माणूस सहज देतो आणि त्याला वाटतं की यात कोणाचं काय बिघडलं. खांद्यापासून मनगटापर्यंत घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला कातडीची एक ताणलेली घडी असते. तिच्या आतून स्नायुबंध जातो. पंख पसरून तरंगायचं सगळं गणित त्या कडेवर आहे आणि मांजा नेमका तिथेच लागतो, कारण हवेत दोऱ्याला पहिली तीच भिडते. तिथली कातडी कागदासारखी पातळ, खाली मांस जवळपास नाहीच. उघडी राहिली की काही तासांत सुकते आणि सुकलेला स्नायुबंध कितीही चांगल्या टाक्यांनी पुन्हा जिवंत होत नाही. हाड मोडलं असेल तर अडचण दुसरी. पक्ष्यांची हाडं आपल्यापेक्षा लवकर जुळतात, साधारण तीनेक आठवड्यांत. जुळायला सुरुवात तर पहिल्या काही दिवसांतच होते. म्हणजे वाकडं बसलेलं हाड वाकडंच पक्कं होतं. शिवाय दंडाचं हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. उघड्या मोडलेल्या दंडावर कोणी भलेपणाने पाण्याची धार धरली, तर ते पाणी थेट श्वसनसंस्थेत जाऊ शकतं.

पाणी पाजण्याचंही तसंच. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. वरून ओतलेलं पाणी त्यात जातं आणि जखमेतून वाचलेला पक्षी आपल्या गिलासाने गुदमरतो. दूध त्यांना पचत नाही, तरी प्रत्येक गल्लीत कोणीतरी दूध-पोळी घेऊन येतंच. या चुका अडाणीपणाच्या नाहीत. विचारायला जवळ माणूस नाही, म्हणून त्या होतात. अंधारं खोकं, भोकं, खाली फडकं, वर झाकण, आणि गप्प बसणं. पहिल्या तासाला एवढंच पुरतं. पण ते खोकं घेऊन जायचं कुठे, याचं उत्तर तुमच्या खात्याने द्यायचं आहे.

आता कायदा. कलम 39 नुसार वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. असा प्राणी कोणाच्या ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय तो जवळ ठेवायचा नसतो. हे शिकाऱ्यासाठी आणि पिंजऱ्यात पोपट विकणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे आणि ते तसंच कडक असावं. पण त्याच वाक्याच्या धाकाने चांगला डॉक्टर दारातून मागे सरकतो. रस्त्यावरच्या अपघाताचंही पूर्वी हेच होतं. जखमीला उचलणाराच पोलिसांच्या फेऱ्यात अडकायचा. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. पक्ष्यांसाठी संसदेपर्यंतही जायला नको. डॉक्टरांना हवी असलेली "लेखी पूर्वपरवानगी" मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहीने मिळू शकते. अमुक दवाखाना, अमुक काम, जास्तीत जास्त इतके तास, नोंदवही अशी, गाडी येताच सुपूर्द करणे. एका पानात मावेल.

यावर पहिला आक्षेप बर्ड फ्लूचा येईल आणि तो खरा आहे. 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच आजाराने गेले. पण मग आजारी पक्षी आज कुठे राहतो ते बघा. आमच्यासारख्यांच्या न्हाणीघरात, पोरांच्या हातात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. त्यापेक्षा हातमोजे, मास्क आणि वेगळी खोली असलेल्या माणसाकडे तो जाणं बरं. एकाच भागातून पडलेले पक्षी येऊ लागले, तर ते पहिल्यांदा कळेल तेही त्याच नोंदवहीतून.

दुसरा आक्षेप गर्दीचा. लोक काहीही आणून टाकतील म्हणतात. टाकतील, काही दिवस. पण उन्हाळ्यात काय होतं ते पाहा. मे महिन्यात नागपूर 45 अंशांच्या वर जातं. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडी ठेवून धापा टाकत राहतात आणि एका क्षणी झाडावरून खाली येतात. अशांतल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रिया लागत नाही. सावली, शांतता आणि जाणत्या हाताने दिलेलं थोडं पाणी, एवढ्यावर संध्याकाळपर्यंत ते निघूनही जातात. त्यांना भर दुपारी तापलेल्या ऑटोतून शहरभर फिरवणं हाच त्यांच्या जिवावरचा प्रवास. मग पिल्लांचा हंगाम येतो. लोक "वाचवून" आणतात त्यातली कितीतरी पिल्लं धडधाकट असतात, नुकती घरट्यातून उतरलेली, आईबाप वरच्या फांदीवर चारा घेऊन बसलेले. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. जवळच्या दवाखान्यात कोणी एवढं सांगणारं असेल तर पिल्लू संध्याकाळच्या आत आपल्या झाडाखाली परत जाईल आणि सेमिनरी हिल्सच्या डॉक्टरांचं टेबल खऱ्या जखमींसाठी मोकळं राहील. म्हणजे उपचार केंद्रावरची गर्दी याने कमीच होईल.

तिसरी अडचण तुमच्या दोन खात्यांमधली आहे. पक्षी वन विभागाचा, सरकारी दवाखाना पशुसंवर्धनाचा. यात सामान्य माणसाला रस नाही. तुम्ही आणि पशुसंवर्धन मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसता, मी एवढंच म्हणेन. पैसा फारसा लागणार नाही: सलाइन, गॉझ, जाड हातमोजे, दोन-तीन झाकणाची खोकी आणि डॉक्टर-कंपाउंडरांना उपचार केंद्रातल्या माणसांनी दिलेलं थोडं शिक्षण. आणि हो, जो ऑटोवाला पक्षी घेऊन येईल त्याला तिथल्या तिथे भाडं द्या. आमच्या ऑटोवाल्याने घेतलं नाही, पण भलेपणावर योजना चालत नसते.

नायलॉन मांजाबद्दल मी मुद्दामच थोडकं लिहिते आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. या शहरात माणसांचे गळेही त्याने कापले गेले आहेत. तरी संक्रांतीला आमच्या गच्च्यांवर "ओ काट"च्या आरोळ्यांबरोबर तोच दोरा चक्रीवरून सुटतो. तो थांबवणं पोलिसांचं आणि आम्हा आईबापांचं काम आहे. थांबेल तेव्हा थांबेल. तोवर झाडांना अडकलेला जुना मांजा फेब्रुवारीत, मार्चमध्येही पक्षी धरत राहणार, अंबाझरीच्या काठावर आणि फुटाळ्यालाही.

तुमचं खातं दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करतं. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्लींनी वन खात्यात नोकरी केली, नागपुरात कितीतरी वर्षं काढली, आणि 2025 च्या जूनमध्ये ते गेले. सप्ताहात फलक लागतात, शाळांच्या फेऱ्या निघतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात. त्या चालू राहू द्या, पोरांना आवडतात. मात्र फेरीतल्या पोराला पुढच्या आठवड्यात जखमी तांबट पक्षी सापडला आणि त्याने बाईंना विचारलं, तर बाईंकडे सांगायला एक पत्ता असावा.

म्हणून विनंती अशी की येत्या पक्षी सप्ताहात फलकाऐवजी परवानगीपत्रं वाटा, दहा झोनच्या दहा दवाखान्यांना. तोवर डॉक्टरांना शिक्षण देऊन होईल आणि जानेवारीच्या आत यादी लोकांपर्यंत पोचेल. ही यादी झोन कार्यालयांच्या भिंतीवर, ऑटो स्टँडवर आणि शाळांच्या सूचनाफलकावर लावा. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर बसणाऱ्यांच्या समोरही ठेवा, म्हणजे फोन करणाऱ्याला ते विचारतील, "कोणत्या भागात राहता?" आणि लगेच दवाखान्याचं नाव सांगतील. रात्रीसाठी दहापैकी निदान दोन उघडे ठेवा, एक दक्षिणेला आणि एक पूर्वेला, कारण पतंग संध्याकाळपर्यंत उडतात आणि अडकलेला पक्षी बहुधा अंधार पडता पडताच खाली येतो.

कळावे,
मानेवाडा, नागपूर येथील एक रहिवासी