मास्तर, बंडूचा करार संपत आलाय

मास्तर,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "गप रं, चहा पी" म्हणून विषयच मोडला असता. आता तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं नाशकात, सोप्याला कुलूप, आणि काल रात्री दीड वाजता लॅपटॉपवरच्या गेममधली आपली टीम प्लेऑफच्या सेमीफायनलला पेनल्टीवर हरली. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला अपरात्री उठवून "पाचवी पेनल्टी बारवर आदळली" असं सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे पत्र. ताई वाचून दाखवतीलच.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमच्याकडं कोल्हापुरात तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. आता तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून परगावचा माणूस लंगोटवाले पैलवान शोधत येतो आणि त्याला स्टडचे बूट दिसतात. 2017 मध्ये आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून उतरला, तेव्हा पेठेतल्या आमच्या वयाच्या प्रत्येक पोराला वाटलं होतं, पुढचा नंबर आपलाच. माझा नंबर काही लागला नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शाहू स्टेडियमवर स्टड रुतला, पाय तिथंच राहिला आणि मी वळलो. कुणाचा धक्का नाही, फाऊल नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं.

टीममध्ये असेपर्यंत सगळे भावा, भावा. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात फोन थांबले. त्यावेळी आम्हाला जे कोच होते ते एकदा घरी आले. आईला वाटलं पोराला बघायला आले, तिनं पोह्याला कढई चढवली. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "जर्सी देतोस का? नव्या पोराला लागतीय." धुतलेली जर्सी घडी घालून दिली. पोहे आम्हीच खाल्ले. नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

त्या काळात मावसभावानं जुना लॅपटॉप दिला, त्यात फुटबॉल मॅनेजर 2024 होता, म्हणजे टीमचा मॅनेजर होऊन डावपेच लावायचा गेम. इंग्लंडच्या लीगमधल्या सहाव्या पायरीवरची डार्लिंग्टनची टीम घेतली आणि हरायला लागलो. मग सल्लागार उगवले. एक म्हणाला, "गेगनप्रेस लाव आणि गप बस, आपोआप जिंकतोस." गेगनप्रेस म्हणजे बॉल गेला की लगेच सगळ्यांनी तुटून पडायचं. दुसऱ्यानं पेनड्राइव्हवर तयार टॅक्टिक आणून दिली, "जगात एक नंबर" म्हणून. ती लावली, सात मॅच हरलो. त्याला विचारलं असं का होतंय, तर म्हणाला, "मग तुझे प्लेअर भंगार." जानेवारीत चोवीस टीमांत बाविसावा होतो. खालच्या चार जणांची हकालपट्टी ठरलेली. का हरतोय हे सांगायला कुणीच तयार नव्हतं, काय लावायचं ते मात्र प्रत्येकाला ठाऊक.

तुमच्याकडं आलो तो काही शिकायला नव्हे. आमच्या गल्लीत लाईट गेली होती, तुमच्यात होती. "मास्तर, जरा चार्जर लावू का?" एवढंच.

तुम्ही चष्मा पुसून शेजारी बसलात.

"ह्यात पाय कुठं चालवायचे?"

"पाय नाहीत मास्तर. डोकं चालवायचं."

"मग बरं हाय. तुझं सध्या तेवढंच चालतंय."

मी तुकडे दाखवत होतो. गेममध्ये मॅचचे फक्त महत्त्वाचे प्रसंग बघता येतात, सगळे तेच बघतात. तुम्ही वैतागलात. "हे काय बातम्या हायत का? मॅच दाव." म्हणून फुल मॅच लावली. नव्वद मिनिटं ते ठिपक्यांएवढे गडी इकडून तिकडं पळत होते आणि तुम्ही बॉलकडं बघतच नव्हता. बॉल उजवीकडं असताना तुमची मान डावीकडं. शेवटी म्हणालात, "तुझी डावीकडची तिघं एकाच लग्नाला गेल्यात. घरात कोण हाय?"

खरंच होतं. लेफ्ट बॅकला अटॅक, विंगरला अटॅक, मधल्याला मेझ्झाला, म्हणजे बाजूला सरकणारा, करून त्यालाही अटॅक. उत्साहात प्रत्येकाला पुढं धाडलं होतं. बॉल सुटला की मागं मैदानभर जागा, आणि पळत परत येणारा एकटा लेफ्ट बॅक. त्याचा पेस, म्हणजे वेग, वीसपैकी सात. हे ऐकून तुम्ही जे म्हणालात ते अजून आमच्या घरात चालतं: "ह्याला सोप्यातनं परड्यात जायला अर्धा तास लागंल."

मग काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं निघाली. शहाबादी फरशीवर खडूनं मैदान, आपली टीम बटणं, समोरची चिंचोके. मागच्या चार बटणांतून काळा दोरा ओवलात आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिलीत. "आता डावं बटण पुढं ढकल." ढकललं. दोरा ताणला आणि शेजारचं बटण कलंडलं. "ते पुढं गेलं की हे आत सरकाय पाहिजे. न्हाईतर दोरा तुटला. दोरा तुटला की तिथनं बैलगाडी जाती." डिफेन्सची लाईन वर ठेवायची म्हणजे काय, हे मी चार वर्षं मैदानावर खेळून शिकलो नव्हतो. ते शर्टाच्या बटणांनी शिकवलं. आमचे कोच बाहेरून फक्त "वर या, वर या" ओरडायचे. किती वर, कुणी आधी, मागं जागा सुटली तर ती कुणाची, हे कधीच नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. लेफ्ट बॅकला सपोर्टवर आणला, डाव्या मधल्याला घर राखायला ठेवला, लाईन एक पायरी खाली घेतली. प्रेसिंग कमी केलं, कारण तुम्ही विचारलंत, ही पोरं पगारी का? मी म्हणालो, या पायरीवरचे बरेच जण अर्धवेळ, दिवसा नोकरी करून खेळणारे. तुम्ही हसलात. "म्हणजे आपल्यागतच की. दुकानातनं, गॅरेजमधनं सुटून येणारी. मग नव्वद मिनिटं ऊर फुटंस्तोवर कशाला पळवतोस?" आणि सगळ्यात वर्मी लागलं ते हे: मी दोन मॅच हरलो की टॅक्टिक बदलायचो. ती टीमच्या किती अंगवळणी पडली हे दाखवणारी पट्टी कधी भरतच नव्हती. "पोरांचं पाठ व्हायच्या आत धडा बदलतोस," म्हणालात. मास्तरकी अंगातून जात नाही ती अशी.

आता मुद्द्याचं.

त्या दिवशी निघताना तुम्ही विचारलंत, "त्या डाव्या बॅकचं नाव काय?" मी सांगितलं. तुम्ही दोनदा म्हणून बघितलं, जिभेवर बसेना. "हे काय जमत न्हाई. आपण त्याला बंडू म्हणू." मी हसलो आणि विसरलो. पुढच्या मॅचला बंडूचं हॅमस्ट्रिंग गेलं, पाच आठवडे बाहेर. फोनवर ओझरतं बोललो असेन.

पुढच्या मंगळवारी मी आलो. तुम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. वर न बघताच विचारलंत, "बंडूचा पाय कसा हाय?"

मास्तर, मला उत्तरच देता आलं नाही. तो बंडू नाहीच. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा, आईबाप नसलेला गडी. त्याचं हॅमस्ट्रिंग म्हणजे एक लाल चिन्ह. आणि त्याची चौकशी करायला एक पंचाहत्तरीचा माणूस आठवडाभर ध्यानात ठेवून बसलेला. माझा गुडघा जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्या नऊ महिन्यांत मला "पुढं काय करणार", "नोकरीचं बघ", "आता खेळ सोड" असं सगळं विचारून, सांगून झालं होतं. पाय कसा आहे हे आईशिवाय कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

मी म्हणालो, "बरा व्हायलाय. घाई करणार नाही."

तुम्ही म्हणालात, "नकोच. खुर्ची घे, पाय लांब सोडून बस." आणि शेंगांची पाटी माझ्याकडं सरकवलीत.

तेवढंच. पुढं त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन फिजिओनं सांगितलेले व्यायाम केले. महिनाभर टाळत होतो ते.

मग मंगळवार ठरूनच गेला. मी इटालियन नावं घेऊन यायचो आणि तुम्ही त्यांची हवा काढायचा. मेझ्झाला म्हणजे काय म्हणून विचारलंत. मी थाटात सांगितलं: मेझ्झा म्हणजे अर्धा, आला म्हणजे पंख, अर्धा विंगर. मधून निघून बाजूला सरकणारा. तुम्ही म्हणालात, "म्हणजे राईट-इन." मी म्हणालो नाही हो, हे आधुनिक आहे. नंतर वाचलं तर इटलीत पाच फॉरवर्डच्या जमान्यात इन, म्हणजे विंगर आणि सेंटर फॉरवर्डच्या मधे, खेळणाऱ्यालाच मेझ्झाला म्हणायचे! तुमच्या उस्तादांनी पेठेत शिकवलेला शब्द आणि लंडनच्या कंपनीनं गेममध्ये घातलेला शब्द, गडी एकच. फॉल्स नाइनचं, म्हणजे मागं सरकून खेळणाऱ्या सेंटर फॉरवर्डचं, तेच झालं. मी बार्सिलोनानं 2009 मध्ये माद्रिदला त्यांच्याच घरात 6-2 मारलं तिथून सुरू केलं, मेस्सी मागं कसा सरकला वगैरे. तुम्ही 1953 काढलंत. वेम्बली, हंगेरी 6, इंग्लंड 3, हिदेगकुटी. सेंटर फॉरवर्ड मागं गेला तर त्याच्यामागं जायचं का जागा धरायची, हे इंग्लंडच्या सेंटर हाफला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि पठ्ठ्यानं तीन गोल घातले. हे सांगताना तुम्ही चिंचोका असा हळूच मागं ओढलात की माझं बटण आपोआप त्याच्यामागं गेलं. "बघ, फसलास."

एकदा विचारलंत, हे बनवलं कुणी? सांगितलं, कॉलियर नावाच्या दोन भावांनी. घरी खोलीत बसून सुरुवात केली, 1992 मध्ये पहिला गेम आला, तेव्हा नाव वेगळं होतं. तुम्ही बराच वेळ गप्प. मग, "दोन भाऊ आणि वाटणी झाली न्हाई. कमाल हाय."

नव्या आवृत्तीत म्हणे बॉल आपल्याकडं असताना एक मांडणी आणि नसताना दुसरी, अशा दोन वेगळ्या लावता येतात. माझ्या लॅपटॉपवर ती चालायची नाही. पण मला हसू आलं. तुम्ही बटणांच्या दोन रांगा मांडून पहिल्याच महिन्यात हेच सांगत होता.

आपल्या गावाला रांगडं म्हणतात, तोंडानं फटकळ म्हणतात. असेल. पण पावसात कुणाची आडवी पडलेली गाडी न विचारता उभी करून जाणारे लोक याच गावात बघितलेत. महापुरात अनोळखी घरांना भाकरी पोचवणारेही इथलेच. तसला माणूस नाव सांगत नाही, फोटो काढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भेटला तर ओळखही देत नाही. त्याच्यासमोर आपण उगीच ओशाळे होतो. तुमच्यासमोर मी त्या मंगळवारपासून तसाच आहे. जर्सी मागायला आलेल्या माणसावर मात्र अजून राग आहे, तो काही जायचा नाही. जाऊ दे.

तर वृत्तांत: पहिल्या वर्षी सतरावे आलो, वाचलो. यंदा सहावे. काल रात्री संपलं. बंडू एकशे वीस मिनिटं खेळला, पिवळं कार्डसुद्धा नाही. पेनल्टी त्याची नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

अडचण अशी आहे की त्याचा करार 30 जूनला संपतोय. वय तेहेतीस, पेस आता सहावर आलाय. सहायक मॅनेजर म्हणतोय सोडून द्या, आणि एकवीस वर्षांचा एक पोरगा फुकटात मिळतोय, पेस चौदा. माझं बोट दोनदा बटणावर जाऊन परत आलं.

गेम तिथंच सेव्ह करून ठेवलाय. पट्टी सुटली की कळवा.