जबडा माझ्या पोराचा मोडला आणि सस्पेन्शन रद्द झालं: आयर्लंडच्या क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय, आयर्लंड सरकार,
सादर नमस्कार.

इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवलंय. हे मराठीत लिहितेय कारण इथे आमची मराठी पोरंही आता गेलिक फुटबॉल, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा स्वतःचा खेळ, खेळतात आणि त्यांच्या आईबापांना हे आधी माहीत असायला हवं, मला नव्हतं.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लबच्या सेमीफायनलमध्ये बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असताना समोरच्या टीमच्या पोराने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला, दोन ठिकाणी फ्रॅक्चर. रेफ्रीने बघितलं, रेड कार्ड दिलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढे त्या क्लबने हिअरिंग मागितलं, रिपोर्टमधलं वर्णन नियमाच्या शब्दांत बसत नाही असा मुद्दा काढला आणि सस्पेन्शन रद्द! तो मुलगा फायनल खेळला. रिपोर्ट नीट लिहिला नव्हता म्हणून ठोसा पण मारलाच नव्हता का?

हिअरिंगच्या आधी समितीतल्या एका गृहस्थांनी मला फोनवर शब्द दिला होता की तुमचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही. कोणी बोलावलंच नाही. निकाल मला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळला. नंतर विचारलं तर म्हणाले, तुम्ही या केसमध्ये पार्टी नाही आहात. ज्याचा जबडा मोडला तो पार्टी नाही!

साहेब, मी नर्स आहे, फ्रॅक्चर मी रोज बघते. पण स्वतःच्या पोराचे दात तारेने बांधलेले बघणं वेगळं असतं. रात्री त्याला उलटी झाली तर काय करायचं या भीतीने मी उशाशी वायर कापायची कटर ठेवून झोपायचे, झोपायचे म्हणजे नुसती पडायचे. स्ट्रॉने नाचणीची आंबील, पातळ पेज, सूप. अभ्यास गेला, वजन गेलं, पोरगं बोलायचं बंद झालं, आणि तार काढल्यावरही फारसं बोलत नाहीये. सुट्ट्या घेऊन घेऊन माझा पगार कापला गेला तो वेगळाच.

आता नियम बघा. ठोसा मारला तर किमान शिक्षा एक मॅच. फक्त एक! आणि 2017 मध्ये डब्लिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) डिअरमिड कॉनली या खेळाडूने कार्लो काउंटीविरुद्धच्या मॅचमध्ये लाइन्समनला हात लावला तर 12 आठवडे. ऑफिशियलला हात लावायचा नाहीच, ती शिक्षा मला चुकीची वाटत नाही. पण लाइन्समनच्या अंगाला हात लागला तर तीन महिने आणि खेळाडूच्या तोंडावर ठोसा बसला तर एक रविवार, हे माप कोणी ठरवलं?

आणि तो एक रविवारसुद्धा टाळता येतो. हाच कॉनली, 2015, ऑल-आयर्लंड म्हणजे काउंट्यांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची सेमीफायनल, मेयो काउंटीच्या ली कीगनला मारल्याबद्दल रेड कार्ड. 30 ऑगस्टला मॅच ड्रॉ झाली, रिप्ले 5 सप्टेंबरला. त्या सहा दिवसांत आधी हिअरिंग, मग अपील, दोन्हीकडे डब्लिनवाले हरले, मग डिस्प्युट्स रेझोल्युशन ऑथॉरिटी हा शेवटचा लवाद, आणि तिथे रिप्लेच्याच दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास 2 विरुद्ध 1 मतांनी निकाल की प्रक्रिया न्याय्य झाली नाही, बॅन रद्द. संध्याकाळी तो डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर खेळला, डब्लिनने 3-15 विरुद्ध 1-14 (आधी गोल, मग पॉइंट) अशी मॅच जिंकली आणि पुढे केरीला हरवून कपही नेला. मेयोवाल्यांचं तरी काय, आदल्याच वर्षी केरीविरुद्धच्या रिप्लेआधी त्याच ली कीगनचं रेड कार्ड रद्द करून आणलं होतं. सगळेच करतात. ज्याच्याकडे रात्र रात्र बसून कागदातली चूक शोधणारी माणसं आहेत त्याचं सस्पेन्शन उडतं, छोट्या क्लबचा साधा पोरगा गप घरी बसतो.

2022 चं बघा. क्रोक पार्कमध्ये आर्मा आणि गॉलवे काउंटीच्या टीम्सची टनेलजवळ मारामारी झाली, आर्माच्या एका खेळाडूने, जो त्या दिवशी खेळतही नव्हता, गॉलवेच्या डेमियन कोमरच्या डोळ्यात बोट घातलं. टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं, 24 आठवड्यांचा बॅन. पण आर्माचा सीझन त्याच संध्याकाळी पेनल्टीजवर संपला होता! त्याच्या क्लबच्या मॅचेस बुडाल्या असतील, काउंटीची मोठी मॅच कुठली बुडाली? शिक्षा कधी आठवड्यांत मोजायची, कधी मॅचमध्ये, आणि दोन्हीकडे नशिबाचा भाग जास्त.

नियम बदलता येत नाहीत असं मला कोणी सांगू नये. 2014 ला मुद्दाम फाउल करणाऱ्यांसाठी ब्लॅक कार्ड आलं, 2020 पासून ते मिळालेल्याला दहा मिनिटं बाहेर बसवायला लागले. 2025 ला जिम गॅव्हिनच्या नियम-सुधारणा कमिटीने खेळच बदलून टाकला, रेफ्रीशी हुज्जत घातली की बॉल 50 मीटर पुढे जातो, आणि पोरं गप्प बसायला शिकली. म्हणजे मनात आणलं तर होतं. मग मार खाणाऱ्याला हिअरिंगमध्ये पाच मिनिटं बोलू द्यायला काय अडचण आहे?

जीएए, म्हणजे हा खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, स्वतंत्र संस्था आहे, सरकार मध्ये पडत नाही, हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. पैसे देताना पडता ना मध्ये? बेलफास्टच्या एकट्या केसमेंट पार्क या जीएएच्या स्टेडियमसाठी 2024 मध्ये तुमच्या सरकारने 5 कोटी युरो जाहीर केले. त्यात माझाही टॅक्स आहे. आमच्या मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, 2011 ते 2014 क्रीडा खातं सांभाळत होता, आम्हाला केवढा अभिमान. वाटायचं आता हा देश आपलाही. पण हॉस्पिटलात बेड नाही म्हणून ट्रॉलीवर पडलेला पेशंट असो, भाड्याच्या घरातून काढलेली बाई असो, 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये रस्त्यावर मार खाल्लेले आपले लोक असोत, सगळ्यांना एकच ऐकायला मिळतं: प्रोसेस चालू आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत रंगाचा विषय होता असं मी म्हणत नाही, उगाच म्हणणार नाही. पण लागलेल्या माणसाकडे न बघता फायलीकडे बघायची सवय इथे सगळीकडे आहे आणि मी दोन्ही बाजूंनी बघितलीये, हॉस्पिटलमध्येसुद्धा.

मला त्या मुलाचं आयुष्य खराब करायचं नाहीये, तोही सतराच वर्षांचा आहे. त्याने शिक्षा भोगावी आणि परत खेळावं. हाड मोडलं असेल तर शिक्षा मॅचेसमध्ये आणि पुढच्या सीझनला लागू होईल अशी द्या. रिपोर्टचे शब्द चुकले तर रेफ्रीला परत विचारा, केस फेकून देऊ नका. ज्याला लागलं त्याचं ऐका, आणि निकालाची कारणं लेखी जाहीर करा. क्लबला दिल्या जाणाऱ्या पुढच्या ग्रँटच्या कागदावर ह्या अटी घाला, त्याला कायदा बदलायला लागत नाही.

माझा मुलगा परत मैदानावर जाणार म्हणतोय. तारीख त्याने ठरवलीये, मी अजून हो म्हटलेलं नाही. तुमचं उत्तर त्याआधी हवंय, आणि ते त्याच्या नावाने पाठवा.

आपली,
एक मराठी आई, डब्लिन